खर्जाचे कारागीर : मिरजेच्या तंतुवाद्यकलेची पावणेदोनशे वर्षे

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघते आणि सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीला नीरेच्या काठावर पोचते. या वाटेवर जितक्या दिंड्या चालतात तितक्या वीणा चालतात. टाळ शंभर असोत की दोनशे, दिंडीची वीणा एकच. ती ज्याच्या खांद्यावर, त्याच्या पाया आधी पडायचे हा रिवाज. आपल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहातही सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची पाळी बदलली की एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण सूर थांबत नाही. बारामती-इंदापूर भागातल्या कोणत्याही जुन्या भजनी मंडळात वीणा कुठून आणली असे विचारावे, उत्तर बहुधा एकच मिळते : मिरजेहून. गायनाच्या क्लासातला तंबोरा कुठला, तर तोही मिरजेचाच.

मिरजेच्या तंतुवाद्यकलेची सुरुवात साधारण १८५० च्या आसपास धरली जाते. त्या हिशोबाने तिला पावणेदोनशे वर्षे झाली. या शतकोत्तर अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने या स्मरणिकेत तिचा इतिहास यावा, असे संपादक मंडळाने ठरवले. आपल्या भागातील मंडळांनी या कारागिरांचे ऋण पिढ्यान् पिढ्या घेतले आहे, त्यामुळे हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. मिरजेची ही कला म्हणजे नेहमीच्या अर्थाने संस्था नव्हे. तिला स्थापनेची सभा नाही, घटना नाही, पहिल्या अध्यक्षाची तसबीर नाही. काही घरे, एक गल्ली आणि बापाकडून मुलाकडे गेलेला हात, एवढ्यावर ती उभी राहिली. आज तिच्यापुढे एक अवघड प्रश्न आहे. महोत्सवाचा लेख आहे म्हणून तो झाकून ठेवणे मला पटत नाही. ही कला तिच्या कारागिरांच्या हातात राहणार की हळूहळू दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, हा तो प्रश्न.

१८५० ते १८९० : तलवारीकडून तंबोऱ्याकडे

मिरजेतले आद्य वाद्यकारागीर शिकलगार घराण्यांतले होते. तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणे आणि पाणी देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि शस्त्रांचे काम आटत गेले. मिरज संस्थानचे पटवर्धन संगीताचे भोक्ते होते. दरबारात गवई येत, त्यांच्यासोबत उत्तरेकडची वाद्येही येत. ती बिघडली की दुरुस्तीला पुन्हा इतक्या लांब पाठवावी लागत. संस्थानाने हे काम आपल्याच गावातल्या कुशल हातांकडे सोपवले आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडू लागली, अशी हकीकत या घराण्यांत सांगितली जाते. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात. पुढे शिकलगारांच्या कित्येक घरांचे आडनावच सतारमेकर झाले.

धार लावणारा माणूस तंबोरा कसा काय करतो, याचे नवल वाटते. पण तंबोऱ्याचा प्राण असतो घोडीवर. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा सपाटही नसतो आणि धड गोलही नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका सुरातून अनेक स्वर उमलतात. यालाच जवारी म्हणतात. हा उतार कानशीने काढायचा. केसभर जास्त घासले तर आवाज बसका होतो, केसभर कमी राहिले तर तार नुसती टणटणते. पात्याच्या कडेवर कानस कुठे थांबवायची हे ज्याच्या बोटांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते, त्याला घोडी समजायला वेळ लागला नाही, असे मला वाटते.

याच काळात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले आणि १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडले. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कारागिराच्या शेजारीच गवई राहत असल्याने सकाळी बसवलेल्या जवारीचे गुणदोष संध्याकाळी कानावर येत. मिरजेच्या वाद्याची प्रत वाढली ती या शेजारामुळे.

१९०० ते १९४० : खाँसाहेबांचे गाव

रेल्वेने मिरज जंक्शन झाले आणि गाठोड्यात बांधलेले तंबोरे मुंबई, पुणे, हुबळी, धारवाडकडे जाऊ लागले. पण या दशकांवर खरा ठसा आहे तो उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. कैराना गावचे खाँसाहेब मिरजेचे झाले ते कायमचे. १९३७ मध्ये मद्रासकडच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते आणि देशभरचे कलावंत तिथे हजेरी लावतात.

खाँसाहेबांचा तंबोरा सुरेल लागला म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकले त्यांनी लिहून ठेवले आहे. ते वाद्य लावण्यात जितके काटेकोर होते तितकेच ते दुरुस्त करण्यातही वाकबगार होते. असा गिऱ्हाईक दारात असला की कारागिराला चूक लपवता येत नाही. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ चा, मिरजेतला. विनायकबुवा पटवर्धनही मिरजेचेच, १८९८ चे. किराणा आणि ग्वाल्हेर या दोन्ही घराण्यांचे सूर एकाच गावात घुमत होते आणि दोघांच्याही तंबोऱ्यांची काळजी घेणारी घरे एकाच गल्लीत होती.

१९४० ते १९६० : राजाश्रय संपला, रसिकाश्रय आला

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि दरबारी आधार गेला. हा काळ कठीण होता. पण तोवर संगीत दरबारातून बाहेर पडले होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे तालुक्याच्या गावीही तंबोरा आणि सतार पोचली. १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला प्रारंभ झाला. या वर्षांत कामाच्या वाटणीवरून घराघरांत मतभेद झाले असतील, तर तेही काळाच्या ओघात मिटले असावेत. स्मरणात ठेवायचे ते हे की एका घराकडे ऑर्डर जास्त झाली की शेजारच्या घराने दांड्या करून द्यायच्या, दुसऱ्याने भोपळे साफ करून द्यायचे, अशी रीत पडली आणि तिने धंदा तारला.

१९६० ते १९८० : भीमेकाठचा भोपळा

पंडित रविशंकरांच्या परदेश दौऱ्यांनी आणि त्यानंतर बीटल्स मंडळींनी सतारीला जगाच्या बाजारात नेले. मागणी वाढली, तसा कच्च्या मालाचा प्रश्न पुढे आला. इथे आपल्या भागाचा धागा या इतिहासाला जुळतो.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नसतो. तो कडू जातीचा, जाड सालीचा, खाण्यासाठी निरुपयोगी. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. बारामती तालुक्याच्या कडेने वाहणारी नीरा इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे पंढरपूरला जाते. मिरजेचे कारागीर त्या शेतांत जाऊन एकेक भोपळा हाताळून निवडतात. बूड सरळ आहे का, साल सारखी जाड आहे का, टिचकी मारल्यावर आवाज कसा येतो, हे पाहून सौदा होतो. मग तो महिनोन् महिने माळ्यावर वाळतो. वाळल्यावर कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर खरवडायचा आणि काठ्यांचे ताण देऊन तोंडाला हवा तो आकार आणायचा. मग तो पुन्हा वाळवायचा. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, कारण त्याचा खर्ज खोल हवा. बायकांच्या तंबोऱ्याला लहान.

भोपळ्याला गळा जोडायचा, गळ्याला पोकळ दांडी आणि पुढून तबली. लाकूड बहुधा तूनचे, कर्नाटकातल्या जंगलांतून येणारे. वजनाला हलके, पण ताणाला घट्ट. सांध्यावर कोरलेल्या पानांची नक्षी बसते ती नुसत्या शोभेसाठी नसते. भोपळा आणि लाकूड हे दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ जिथे मिळतात, तो सांधा पानांखाली आवळून धरला जातो. नक्षीत पूर्वी हस्तिदंत असे. वन्यजीव कायद्यानंतर ते गेले आणि सेल्युलॉइड, प्लॅस्टिक आले. शेवटी लाखेचे पॉलिश, खुंट्या, तारा, मणी आणि घोडी. जवारी लावणारा बहुतेक वेळा घरातला वयस्कर माणूस असतो. तो घोडी बसवतो, तार छेडतो, घोडी काढतो, कानशीचे दोन हलके हात मारतो, पुन्हा बसवतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि सूर फुलेल ती जागा शोधतो. हे काम घाईचे नाही आणि त्याला ठरलेले मापही नाही.

त्याच भीमेवर १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरच्या जमिनी बॅकवॉटरखाली गेल्या. खालच्या बाजूला पाणी मिळू लागले. पाणी आले तिथे ऊस आला, हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याने आपल्याकडे हेच घडवले. उसाला कारखाना आहे, भाव आहे. कडू भोपळ्याला गिऱ्हाईक एकच, मिरज. पूर आला तर वेलही जातात. तरीही काही शेतकरी पिढ्यान् पिढ्या हे पीक धरून आहेत. या कलेच्या संस्थापकांची आणि कार्यकर्त्यांची यादी करायची तर त्यांना वगळून ती पुरी होणार नाही.

१९८० ते २००० : पेटीत बसलेला सूर

१९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुढे आणला. हातात मावणारी पेटी, बटण दाबले की षड्ज-पंचम सुरू. गाणाऱ्याला प्रवासात दोन तंबोरे वाहून न्यायचे आणि वाजवायला दोन शिष्य बसवायचे, ही दगदग संपली. रियाजासाठी या पेटीने कित्येकांना मदत केली, त्यात वावगे काही नाही. पण क्लासातला पहिला तंबोरा घेण्याची वेळ पुढे ढकलली गेली ती कायमची. नंतर तोच सूर मोबाइलवर आला. मैफलीत मागे तंबोरे दिसतात, घरोघरी मात्र ते राहिले नाहीत. मिरजेच्या धंद्याचा पाया मैफलीच्या तंबोऱ्यावर कधीच नव्हता, तो घराघरातल्या तंबोऱ्यावर होता. तोच खचला.

कला कुणाच्या ताब्यात राहते, हा सुरुवातीचा प्रश्न समजून घ्यायला याच दोन दशकांत सातासमुद्रापलीकडे वाद्य बनवणाऱ्यांवर काय गुदरले, ते इथे सांगितले पाहिजे. आपण तंबोऱ्याला खर्जाचे वाद्य म्हणतो, तसे तिकडच्या बँडमध्ये खर्ज धरते ते बेस गिटार. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि ते वाद्य जगभर गेले. १९६५ मध्ये त्यांची कंपनी सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. पुढची वीस वर्षे दर्जा घसरल्याची तक्रार वादक करत राहिले. १९८५ मध्ये कंपनीतल्याच माणसांच्या गटाने ती परत विकत घेतली, पण कॅलिफोर्नियातला फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. नाव परत मिळाले, जागा मिळाली नाही. लिओ फेंडर पुढे ज्या म्युझिक मॅन कंपनीत गेले, तीही अडचणीत येऊन १९८४ मध्ये अर्नी बॉल या कंपनीकडे गेली. त्याच वर्षी गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीने कलामझू गावचा आपला मूळ कारखाना बंद केला. तिथल्या काही कारागिरांनी गाव सोडायला नकार दिला आणि १९८५ मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. गिब्सनचे पुढे २०१८ मध्ये दिवाळे निघाले आणि कंपनी केकेआर या गुंतवणूकदारांच्या हाती गेली.

या सगळ्या सौद्यांत विकले गेले ते मुख्यतः नाव. फेंडर या नावाची किंमत कोटींत होती. ज्याच्या हाताने गळा घासला, त्या कामगाराला त्या किमतीतले काही मिळाले नाही. कलामझूचे कारागीर मला म्हणूनच मोठे वाटतात. नाव गेले तरी हात आमचे आहेत, हे त्यांनी काम करून दाखवले.

२००० ते २०२० : तुकड्यातुकड्याने

मिरजेत एकच कंपनी नाही, त्यामुळे एका सहीने कोणी तिला विकत घेऊ शकत नाही. इथला ताबा तुकड्यातुकड्याने येतो. मोठ्या शहरांतले व्यापारी मिरजेहून तयार वाद्य नेतात, त्यावर आपल्या दुकानाची पाटी लावतात आणि गिऱ्हाईकाला ते कुणी केले ते कळतच नाही. उलट, दुसरीकडे झालेले हलके वाद्य 'मिरजेचे' म्हणून खपवले जाते. दोन्हीकडून तोटा कारागिराचाच. घरातल्या मुलाला नोकरीचा पगार दिसतो. भोपळ्याच्या बुडाशी दिवसभर वाकून काम करणाऱ्या बापाचा हिशोब त्याच्या पगाराशी जुळत नाही. मुलाने दुसरीकडे जायचे ठरवले तर त्याला दोष कसा द्यायचा?

२०१९ च्या कृष्णेच्या महापुराने सांगली-मिरज भागाला मोठा फटका दिला. लगेच पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. मैफली बंद, शाळा बंद, वारीही बंद. २०२० मध्ये संतांच्या पादुका बसने पंढरीला गेल्या, रस्त्यावर दिंडी नव्हती आणि म्हणून वीणाही नव्हती. त्या दोन वर्षांत धंदा टिकला तो कुणा एकाच्या बळावर नव्हे. दुरुस्तीची जी काही कामे आली ती सर्वांनी मिळून केली.

२०२४ पासून पुढे : नाव वाचले, हात वाचवायचे आहेत

३० मार्च २०२४ रोजी मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरकडे आहे, तंबोऱ्याचे सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्मकडे. पावणेदोनशे वर्षांत या कलेला पहिल्यांदाच कागदावरचे अधिकृत नाव मिळाले, आणि ते मिळवण्यासाठी ज्यांनी कागदपत्रे जमवली, फेऱ्या मारल्या, त्या सर्व कार्यकर्त्यांचे इथे मनापासून अभिनंदन.

या मानांकनातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ट्रेडमार्क विकता येतो, गहाण टाकता येतो. भौगोलिक मानांकनाचे तसे नाही. १९९९ च्या कायद्यातील कलम २४ प्रमाणे ते विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येत नाही. फेंडरचे नाव जसे दुसऱ्याकडे गेले, तसे 'मिरजेचा तंबोरा' हे नाव कुणा धनिकाने थैली ओतली तरी जाणार नाही. मिरजेत नियमाप्रमाणे काम करणारा कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करू शकतो आणि ते नाव लावू शकतो. त्यामुळे ही नोंदणी प्रत्येक घराने करून घेणे हे आजचे पहिले काम आहे. मानांकनाची नोंद दहा वर्षांची असते आणि ही मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागेल.

मानांकनाच्या वेळच्या बातम्यांत महिन्याला ६० ते ७० सतारी आणि सुमारे १०० तंबोरे तयार होतात, असे क्लस्टरकडून सांगण्यात आले. साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत. पंडित भीमसेन जोशी आणि उस्ताद राशिद खाँ यांच्या मागे जे तंबोरे झंकारले ते या हातांचे. आजही वीणा, दिलरुबा, सारंगी, सूरबहार अशी वाद्ये इथे घडतात. पुण्या-मुंबईत मिरजेच्या घराण्यांची दुकाने आहेत आणि सवाईच्या दिवसांत जवारी लावून घ्यायला गवयांची गर्दी होते.

पण कायदा नाव सांभाळतो, कानस धरणारा हात सांभाळत नाही. नाव शिल्लक आहे आणि जवारी लावणारा नाही, अशी वेळ आली तर त्या नावाचे करायचे काय? यासाठी तीन बाजूंनी हालचाल व्हायला हवी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिकणाऱ्या मुलाला शिकत्या काळातही घर चालेल एवढे विद्यावेतन मिळाले पाहिजे, ते सरकारने द्यावे की कलावंतांनी हे दुय्यम. भीमाकाठच्या शेतकऱ्याला कडू भोपळ्याचा भाव लावणीपूर्वीच ठरवून मिळाला पाहिजे, म्हणजे तो उसाच्या मोहात पडणार नाही. उसाचे करार करण्याची सवय आपल्या भागाला आहे, भोपळ्याचा करार काही त्याहून अवघड नाही. आणि तिसरी बाजू आपली, म्हणजे गिऱ्हाईकाची. वाद्य घेताना ते कुणी केले ते विचारावे, मानांकनाची खूण पाहावी, बिलावर कारागिराचे नाव घालून घ्यावे. शहरातल्या दुकानातून घेतले तरी हा आग्रह धरावा.

बारामती-इंदापूरच्या कित्येक मंदिरांत तार सैल झालेली, खुंटी फिरणारी, घोडी झिजलेली वीणा खुंटीला टांगलेली असते. सप्ताह आला की पॉलिश मारून ती पुन्हा बाहेर काढली जाते, आणि ती बेसूर आहे हे विणेकऱ्याला माहीत असूनही कोणी बोलत नाही. अशा वीणा येत्या सप्ताहाआधी मिरजेला पाठवाव्यात, अशी या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती. वर्गणीतून त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढणे कोणत्याही मंडळाला जड नाही, आणि सतारमेकरांच्या घरात नव्याने कानस हाती घेतलेल्या मुलाला शिकायला अशीच कामे लागतात.